कागदविरहित वर्ग

कागदविरहित वर्ग : पाठ्यसामग्रीचे वाटप, गृहपाठ, चाचण्या, त्यांची तपासणी आणि गुणांच्या नोंदी ही वर्गातील सर्व लिखापढी कागदाऐवजी आंतरजालावरील अध्ययनमंचामार्फत करण्याची पद्धत. शिक्षक व विद्यार्थी एकाच खोलीत आहेत की दूर आहेत, याला या संज्ञेच्या दृष्टीने महत्त्व नाही. म्हणून कागदविरहित वर्ग आणि दूरशिक्षण या कल्पना एक नव्हेत. दूरशिक्षण तर कित्येक दशके टपालाने, म्हणजे कागदावरच चालत आले होते.

शब्दशः पाहिल्यास कागदावाचून चालणारा वर्ग नवा नाही. महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळेतील मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत; पुढे दगडी पाटी आली आणि ती विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. पाटीवरील अक्षर पुसण्यासाठीच लिहिलेले असे आणि चूकही ओल्या फडक्याबरोबर नाहीशी होई. अध्ययनमंचावर याच्या उलट घडते : तेथे लिहिलेले सहसा आपोआप पुसले जात नाही. या पद्धतीचे बरेचसे गुण व दोष या फरकातून उद्‌भवतात.

इतिहास : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डॉनल्ड बिट्झर यांनी १९६० मध्ये सुरू केलेली ‘प्लेटो’ ही संगणकीय अध्यापनप्रणाली या पद्धतीची पूर्वज मानता येईल. १९७० नंतरच्या दशकात तिच्या विद्यार्थ्यांसमोर स्पर्शाला प्रतिसाद देणारे पडदे होते. परंतु ती अवाढव्य संगणकावर अवलंबून असल्याने सामान्य शाळांच्या आवाक्याबाहेर राहिली. विश्वव्यापी जालाच्या प्रसारानंतर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘वेबसीटी’, ‘ब्लॅकबोर्ड’ यांसारख्या व्यापारी प्रणाली विद्यापीठांत रुजल्या. ऑस्ट्रेलियातील मार्टिन दूगियामास यांनी २००२ मध्ये ‘मूडल’ ही मुक्त परवान्याची आज्ञावली प्रसिद्ध केली. कोणत्याही संस्थेला ती विनामूल्य घेऊन आपल्या संगणकावर बसविता येते व गरजेनुसार बदलता येते. २०१४ मध्ये ‘गूगल क्लासरूम’ आले. भारतात २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि शालेय शिक्षणासाठी ‘दीक्षा’ हे शासकीय मंच सुरू झाले. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि तोवर ऐच्छिक असलेली ही पद्धत अनेक शिक्षकांना पूर्वतयारीवाचून स्वीकारावी लागली.

कार्यपद्धती : मंचावर प्रत्येक विषयाचे स्वतंत्र दालन असते. शिक्षक, विद्यार्थी व व्यवस्थापक यांना त्यात वेगवेगळे अधिकार असतात. एका निबंधाचा प्रवास पाहिल्यास सारी व्यवस्था ध्यानात येते. शिक्षक विषय, मुदत आणि गुणदानाचे निकष आधीच नोंदवितो. विद्यार्थी मजकूर तेथेच लिहितो किंवा तयार धारिका चढवितो आणि सादरीकरणाची वेळ आपोआप नोंदली जाते. शिक्षक मजकुराच्या समासात शेरे लिहितो, निकषागणिक गुण देतो आणि ते गुणपत्रकात परस्पर जमा होतात. शेरे वाचून विद्यार्थी सुधारलेला खर्डा पुन्हा देऊ शकतो. दोन्ही खर्डे शेजारी ठेवून प्रगती पाहता येते. वह्यांच्या गठ्ठ्यात हे जवळजवळ अशक्य होते, कारण वही तपासणीस गेली की विद्यार्थ्याच्या हाती काही उरत नसे. या पद्धतीचा खरा लाभ कागदाच्या बचतीत नसून तपासलेले काम विद्यार्थ्याकडे लवकर परतण्यात आहे. तसे होत नसेल, तर मंच म्हणजे केवळ महागडी टपालपेटी होय.

वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या चाचण्या यंत्र तपासते. प्रश्नपेढीतून प्रत्येकाला निराळे प्रश्नही देता येतात. या सोयीमुळे शिक्षक वस्तुनिष्ठ प्रश्नांकडेच झुकण्याचा धोका असतो. गणितातील पायऱ्या, भूमितीतील आकृत्या, रसायनशास्त्रातील संरचना यांबाबत पडद्यावरील लेखन अजूनही जिकिरीचे आहे. विद्यार्थी ती कागदावर सोडवितात व छायाचित्र चढवितात. अशा वर्गाला कागदविरहित म्हणणे हे सौजन्यच होय.

मर्यादा : राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७–१८) देशात ग्रामीण भागातील ४.४ टक्के व शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. आंतरजालाची सोय अनुक्रमे १४.९ व ४२ टक्के कुटुंबांना होती. नंतर स्मार्टफोनचा प्रसार पुष्कळ झाला. तथापि घरातला एकच फोन वडिलांबरोबर कामावर जात असेल, तर मुलाचा गृहपाठ रात्रीपर्यंत थांबतो आणि मंचावर मात्र ‘उशिरा सादर’ अशी नोंद उमटते. वहीला वीज, जोडणी वा परवलीचा शब्द लागत नाही. मुदत ठरविताना शिक्षकाने हे जाणले नाही, तर यंत्राची काटेकोर नोंद अन्यायकारक ठरते. महाराष्ट्रात ‘बालभारती’च्या पुस्तकांत संकेतचौकटी छापून त्या ‘दीक्षा’वरील सामग्रीशी जोडल्या गेल्या. छापील पुस्तक हाती ठेवून पूरक भाग पडद्यावर देण्याची ही मधली वाट आपल्या परिस्थितीला अधिक मानवणारी आहे.

वाचनाचा प्रश्न स्वतंत्र आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात माहितीपर मजकुराचे आकलन पडद्यापेक्षा कागदावर सरस आढळले. वेळेचे बंधन असता हा फरक वाढतो. स्वीडनने २०२३ मध्ये छापील पाठ्यपुस्तकांच्या खरेदीसाठी शाळांना विशेष अनुदान दिले. दीर्घ पाठ कागदावर वाचून लेखन व तपासणी मंचावर करण्यास त्यामुळे आधार मिळतो.

विद्यार्थ्याने मंच केव्हा उघडला, कोणते पान पाहिले, उत्तर किती वेळा बदलले, यांच्याही नोंदी मंचावर साठतात. मागे पडणारा विद्यार्थी वेळीच ओळखण्यास त्या उपयोगी पडतात. परंतु त्याच नोंदी व्यापारी संस्थेच्या ताब्यात असल्यास बालपणातील चुका विक्रेय माहिती बनू शकतात. भारतात २०२३ च्या अंकीय वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट घातली आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई केली. काही प्रकारच्या संस्थांना व प्रयोजनांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. आपल्याच संगणकावर मूडलसारखी आज्ञावली चालविणाऱ्या शाळेला नोंदी किती काळ ठेवाव्यात व केव्हा नष्ट कराव्यात हे स्वतः ठरविता येते. मात्र त्यासाठी एक जाणकार व्यवस्थापक आणि राखीव प्रती घेण्याची शिस्त लागते.