जिभेखालची गोळी

गर्द, म्हणजे हेरॉइन, सोडायला आलेल्याला पहिल्या दिवशी जे सांगतात, ते ऐकून घरचे चक्रावतात : थांबा, अजून थोडा त्रास होऊ द्या. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या ओएसटी केंद्रात मी हे पाहिलं. नशेच्या गर्दऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध द्यायचं, असा हा उपचार. पंचविशीतला एक मुलगा बाकावर मुटकुळं करून बसला होता. नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, दंडावर काटा. व्यसनींच्या भाषेत 'टर्की' लागलेली. आई विनवत होती, "सिस्टर, द्या ना ती गोळी एकदाची." सिस्टर नाडी मोजून, डोळ्यांच्या बाहुल्या बघून तक्त्यावर आकडे मांडत होत्या.

गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. मेंदूत हेरॉइन जिथे चिकटतं तिथेच ती चिकटते, तेही हेरॉइनला हुसकावून. पण तिचा जोर अर्धाच. अंगात गर्द शिल्लक असताना दिली, तर टर्की शमायच्या ऐवजी एकदम उसळते. म्हणून शेवटच्या झुरक्यानंतर आठ-बारा तास जाऊ द्यायचे आणि लक्षणं नीट दिसल्यावरच पहिली मात्रा द्यायची. या अर्ध्या जोराचा फायदाही आहे. तलफ भागते, आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम तेवढा वाढत नाही. त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका हेरॉइनपेक्षा बराच कमी. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या, तर मात्र हा हिशेब चुकतो.

जुन्या रुग्णांची रांग वेगळी. गोळी कुटून जिभेखाली ठेवतात. गिळली तर जवळजवळ वाया. पाणी नाही, बोलणं नाही. विरघळेपर्यंत समोर बसायचं. मग जीभ वर करून दाखवायची, सही करायची, कामावर जायचं. ही तपासणी अपमानास्पद वाटते, पण गोळी गालात लपवून बाहेर विकणारे किंवा विरघळवून सुईने घेणारेही असतात. रांगेत एक हमाल होता, एक रिक्षावाला, आणि कुरिअर कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक जण. बघणाऱ्याला कंटाळा यावा इतकं हे सगळं रोजचं.

खरं काम मला समुपदेशकाच्या टेबलाशी दिसलं. "दादा, काल स्टेशनच्या कुठल्या बाजूनं उतरलात?" पुडीवाला पूर्वेला उभा असतो, म्हणून पश्चिमेने उतरायचं ठरलेलं. पगार कुणाच्या हातात दिला, झोप लागते का, जुना दोस्त फोन करतो का. उपदेश जवळजवळ नाहीच.

नातेवाइकांचा प्रश्न मात्र एकच : कोर्स किती दिवसांचा? त्यात आपली जुनी समजूत आहे. १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केलं, तेव्हापासून व्यसनमुक्ती म्हणजे कुठेतरी राहून येणं, हे मराठी घरांत पक्कं झालं. राहून घेतलेल्या उपचाराने अनेकांना हात दिला आहे, वाद त्याबद्दल नाही. पण नुसती टर्की उतरवून घरी पाठवलेल्या माणसाचं शरीर जुन्या मात्रेची सवय विसरलेलं असतं. तो पुन्हा तेवढीच घेतो आणि तीच जिवावर बेतते. "एक नशा सोडवून दुसरी लावता" असं म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. मधुमेहाच्या गोळीला आपण कोर्स किती दिवसांचा, असं विचारत नाही. ही गोळीही महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षं लागते, आणि थांबवायची तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू.

पोलिसांच्या भीतीने अनेक जण येतच नाहीत. स्वतः नशा केल्याचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत जाऊन उपचार घेत असेल, तर अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम ६४अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. कुठे जायचं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे. घरच्यांनीही त्यावर फोन करावा.