गंजाला गंज

आज ऊस बाजूला ठेवून भांड्यांचं बोलू. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यात स्टीलच्या नव्या गंजालाही बारीक खड्डे पडतात. स्टीलवर क्रोमियममुळे पातळ थर धरतो, तोच त्याला राखतो. पाण्यातलं मीठ नेमका तोच कुरतडतं. म्हणून मीठ पाणी उकळल्यावरच घालून ढवळावं. खारं पाणी रात्रभर भांड्यात ठेवू नये, धुतल्यावर पुसावं. लोखंडी तारेची घासणी नकोच, नारळाची शेंडी बरी.

घेताना ३०४ चा शिक्का पाहावा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, असं दुकानदार सांगतात. पण कमी निकेलचं, मँगनीज घातलेलं स्वस्त २०२ सुद्धा चिकटत नाही! दुधासाठी मात्र बूड जाडच घ्यावं; पातळ बुडाला दूध लागतं.