ऊस, गूळ आणि साखर : कृषी-उद्योगाची शब्दसंपदा



शेतमालावर प्रक्रिया करून त्याचे नव्या वस्तूत रूपांतर करणाऱ्या उद्योगांना कृषी-आधारित उद्योग म्हणतात. कापसापासून सूत, तेलबियांपासून तेल, उसापासून गूळ व साखर ही त्यांची परिचित उदाहरणे होत. प्रस्तुत उपघटकात उसाचे उदाहरण घेऊन आपण दोन गोष्टी पाहणार आहोत : पिकाचा माल कसा होतो आणि त्या प्रवासात शब्दांचे अर्थ कसे बदलतात. हे बदल केवळ कोशात नोंदवून भागत नाही. त्यांच्याशी माणसांचे दाम आणि श्रम बांधलेले असतात.

१. गुऱ्हाळ

गुऱ्हाळात चरकाने ऊस पिळतात व रस काहिलीत ओततात. चुलवाणात वाळलेली चिपाडे जाळून तो आटवतात. रस तापू लागला की वर येणारी मळी काढून टाकतात. त्यासाठी भेंडीचा चिकट रस वापरण्याची जुनी पद्धत आहे. काहील केव्हा उतरवायची हे गुळव्या ठरवतो. त्याचे माप नजरेचे आणि बोटांचे असते. पाक लवकर काढला तर काकवी मिळते, पुरता आटवला तर गूळ. कोल्हापूरच्या बाजारात गुळाच्या ढेपेला 'रवा' म्हणतात. इतरत्र हा शब्द ऐकताच शिऱ्याची आठवण होते. एकाच शब्दाचा अर्थ व्यवसायाने कसा ठरतो, याचे हे साधे उदाहरण आहे.

२. कारखाना

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. शेतकरीच कारखान्याचा सभासद झाल्याने कारखान्याची भाषा गावात आली आणि गावातील शब्द कारखान्यात गेले.

'मळी' हा त्यांपैकीच एक. गुऱ्हाळात मळी म्हणजे फेकून देण्याचा गाळ. कारखान्यात मात्र साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणाऱ्या दाट, काळपट द्रवाला मळी म्हणतात. तिच्यापासून मद्यार्क व इथेनॉल तयार होते. चिपाडाचेही तसेच. कारखान्यात त्याला 'बगॅस' हे नाव मिळाले आणि त्यावर बॉयलर चालवून वीजही निर्माण होऊ लागली. वस्तूचे मोल बदलले की कधी शब्दाचा अर्थ बदलतो, तर कधी शब्दच बदलतो.

३. 'उतारा'

'उतारा' या शब्दाचे किती अर्थ आपल्याला ठाऊक आहेत? पुस्तकातील उतारा, सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा. साखर उद्योगात उतारा म्हणजे गाळलेल्या उसापासून मिळालेल्या साखरेचे शेकडा प्रमाण. या शब्दावर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून असते. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये इतका रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्या हंगामात त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३ रुपये ४६ पैसे अधिक ठरवण्यात आले. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला, तर ५० टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हिशेबात १७,३०० रुपयांचा फरक पडतो.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. हा उतारा एकेका शेताचा नसून संपूर्ण कारखान्याचा धरला जातो. शिवाय महाराष्ट्रात तोडणी व वाहतुकीचा खर्च या दरातून वजा होतो. म्हणून जाहीर झालेला दर आणि हाती पडणारी रक्कम यांत अंतर राहते. 'उतारा' हा शब्द नीट समजलेला सभासदच त्या अंतराविषयी नेमका प्रश्न विचारू शकतो.

४. 'कोयता'

ऊस तोडण्याचे हत्यार म्हणजे कोयता. परंतु तोडणीच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणजे पती-पत्नीची जोडी. एकटा मजूर 'अर्धा कोयता' ठरतो. मुकादम हंगामापूर्वी जी आगाऊ रक्कम देतो, ती 'उचल' होय. टोळीत किती कोयते, यावर तिचा हिशेब होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी हजारो कुटुंबे या हिशेबानेच स्थलांतर करतात.

साधनाच्या नावाने ते वापरणाऱ्या माणसाचा बोध होणे, ही लक्षणेची परिचित रीत आहे. तथापि या लक्षणेत स्त्रीचे श्रम जोडीत विरून जातात. ती पहाटेपासून ऊस तोडते, मोळ्या बांधते, वाहते. पण तिच्या वाट्याची मजुरी वेगळी मोजणारा शब्द या व्यवहारात नाही. जे भाषेत वेगळे मोजले जात नाही, ते हिशेबाच्या वहीतही सहसा वेगळे लिहिले जात नाही.

५. समारोप

व्यवसायाच्या शब्दांचा अभ्यास म्हणजे केवळ यादी करणे नव्हे. प्रत्येक शब्दाबाबत तो कोण वापरतो, त्याने काय मोजले जाते आणि काय मोजायचे राहते, हे तीन प्रश्न विचारावेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हे शब्द रोज बोलले जातात. अशा विद्यार्थ्यांजवळ या विषयाचे मूळ साधन आधीपासूनच आहे.

स्वयं-अध्ययनासाठी

१. 'मळी' आणि 'रवा' या शब्दांच्या अर्थबदलाची कारणे स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील तेलघाणा, भातगिरणी, काजू प्रक्रिया किंवा अन्य कृषी-उद्योगातील दहा शब्द प्रत्यक्ष काम करणाऱ्यांकडून मिळवा. वरील तीन प्रश्नांच्या आधारे त्यांची टिपणे तयार करा.