टाचेला वजरी किती लावावी?

तळपायाची कातडी अंगावरच्या इतर कातडीपेक्षा बरीच जाड असते. तिच्यात घामाच्या ग्रंथी भरपूर असतात, तेलाच्या मात्र नसतात. म्हणून तिला लागणारी स्निग्धता बाहेरूनच द्यावी लागते. जिथे रोज दाब आणि घर्षण होते, तिथे केराटिन या कठीण प्रथिनाचे थर वाढत जातात आणि घट्टा पडतो. टाचेखाली चरबीची गादी असते. उभे राहताच ती कडेला पसरते. वरची कातडी मऊ असेल तर तिच्याबरोबर ताणली जाते, कोरडी आणि राठ असेल तर उलते. यालाच भेगा म्हणतात.

चाळीसगावच्या काळ्या मातीत कपाशीची वेचणी चालते ती थंडीच्या तोंडाशी आणि थंडीत. कोरडी हवा, ढेकळांची जमीन आणि मागून उघडी स्लीपर असे तिन्ही जुळून आले की टाचा उलतात. चैत्रात तर खानदेशातले अनेक भाविक वणीच्या सप्तशृंगगडाकडे पायी निघतात, त्यांतले कितीतरी अनवाणी. अशा पायांना घट्टा म्हणजे अंगाचीच वहाण. तो पुरता खरवडून काढला तर खालची कोवळी कातडी उघडी पडते, म्हणून यात्रेच्या तोंडावर पाय घासू नयेत.

पाय घासण्याचे जुने साधन म्हणजे वजरी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पितळी वजऱ्या पाहायला मिळतात. वर हाताला धरायला सुबक मूठ आणि खाली बारीक खाचांचा खरखरीत तळ, अशी त्यांची घडण. भाजलेल्या मातीच्या वजऱ्या आजही बाजारात मिळतात. त्यांच्या जोडीला प्यूमिस दगड आला आहे. हा ज्वालामुखीचा फेसाळ, सच्छिद्र दगड इतका हलका असतो की पाण्यावर तरंगतो. ओढ्यातला काळा दगड त्याच्या जागी घेऊ नये. त्याच्या कडा कातडी कापतात.

आधी पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. साबण थोडासा पुरतो. त्याहून जास्त वेळ भिजवले तर कातडी फुगते आणि नंतर आणखी कोरडी पडते. मग ओली वजरी हलक्या हाताने फिरवावी, चार-पाच वेळा, आणि बोटाने चाचपून पाहावे. पांढरट भुसा निघत असेल तर ठीक. कातडी गुलाबी दिसू लागली किंवा चुरचुरली की तिथेच थांबावे. आठवड्यातून एकदोनदा पुरे. वर्षाचा घट्टा एका दिवसात काढायला गेले की जखम ठरलेलीच. भेगेच्या आत वजरी घालू नये, कडा तेवढ्या नरम कराव्यात. ब्लेड तर मुळीच नको. लिंबूही नको, भेगेत ते झोंबते. वजरी ज्याची त्याने वापरावी, धुऊन उन्हात वाळवावी.

खरा गुण येतो तो त्यानंतरच्या लेपाने. पाय टिपून, कातडी दमट असतानाच व्हॅसलीन, तिळाचे तेल किंवा कोकणातून येणारे कोकम तेल चोळावे आणि सुती मोजे घालून झोपावे. बोटांच्या बेचक्यात मात्र तेल लावू नये, तिथे ओल साचून बुरशी धरते. घट्टा फारच जाड असेल तर औषधाच्या दुकानात युरियाचे मलम मिळते: रोजच्या मऊपणासाठी 10 टक्क्यांचे, जाड टाचेसाठी 20 ते 25 टक्क्यांचे. उघड्या भेगेवर ते आग करते.

एकाच तळव्याला पिठासारखा कोंडा येत असेल किंवा नख पिवळे, जाड झाले असेल तर ती बहुधा बुरशी असते. घासून ती जात नाही. भेगेतून रक्त वा पू आला, भोवती लाली पसरली तर दवाखाना गाठावा.

मधुमेह असलेल्यांनी हे घरगुती घासकाम आणि कुरुपाच्या पट्ट्याही टाळाव्यात. त्या पट्ट्यांतले सॅलिसिलिक आम्ल चांगली कातडीही खाते. साखरेने पायाच्या नसा बधिर झाल्या की काटा मोडलेला कळत नाही, पाणी किती कढत आहे तेही कळत नाही. त्यांच्या पायावर पाणी घेण्याआधी घरच्या कुणी तरी त्यात कोपर बुडवून पाहावे आणि रोज रात्री त्यांचे तळवे उजेडात धरून बघावेत. मधुमेह नसतानाही तळवा बधिर वाटत असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी; त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.