वीस रुपयांत सहाशे ओव्या, विहीरभर चार कोटी कागद

चला, आधी एक वडापाव घेऊ. वीस रुपये. आता तेच वीस रुपये ज्ञानेश्वरीच्या हिशेबात मांडून बघा. प्रचलित प्रतींत ओव्या नऊ हजारांवर. छापील प्रत तीनशे रुपयांची धरली, तर एका रुपयाला तीस ओव्या. एका वडापावाच्या पैशात सहाशे! सकाळी शंभर वाचल्या तरी सहा दिवस पुरतील. वडापाव सहा मिनिटं तरी पुरतो का?

आणि या ओव्या आल्या कुठून, तेही पाहा. गीतेचे श्लोक सातशे. १२९० साली नेवाशात ज्ञानदेवांनी त्यांवर बोलायला सुरुवात केली आणि सातशेचे नऊ हजार झाले. श्लोकामागे सरासरी तेरा ओव्या. एका दाण्याला तेरा दाणे!

हे झालं एकाच पुस्तकाचं. आता शेजारची तीन काढू. एकनाथांचं भागवत हे भागवताच्या फक्त अकराव्या स्कंधावरचं, पण त्याच्या ओव्या अठरा हजारांहून जास्त, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दुप्पट. हा ग्रंथ १५७३ साली काशीत पुरा झाला. समर्थांच्या दासबोधाचे दशक वीस, समास दोनशे आणि ओव्या पावणेआठ हजारांच्या आसपास. तुकोबांच्या गाथेत अभंग सुमारे साडेचार हजार. सगळं एकत्र मांडलं की पस्तीस हजारांवर ओव्या आणि वर साडेचार हजार अभंग.

घाबरायला होतं ना? मलाही झालं होतं. मग मी हा सगळा ऐवज डेक्कन क्वीनमध्ये चढवला.

पुणे-मुंबई रोज ये-जा करणारे पासधारक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. जायला सव्वातीन तास, यायला सव्वातीन तास, दिवसाचे साडेसहा. एक ओवी सावकाश वाचायला बारा सेकंद धरा. पस्तीस हजारांचे होतात साधारण एकशेसतरा तास. अभंगाला चाळीस सेकंद धरले तर साडेचार हजारांचे पन्नास तास. एकूण एकशेसदुसष्ट. त्याला साडेसहाने भागा. जवळजवळ सव्वीस! सव्वीस दिवस! रविवार वगळले की बरोबर एका महिन्याचा पास. ज्ञानदेवांपासून समर्थांपर्यंतची चारशे वर्षं लोणावळ्याच्या घाटातून येता-जाता एका महिन्यात वाचून होतात, आणि आपण त्या महिन्यात मोबाइलवर काय काय पाहिलं ते महिनाअखेरीला आठवतही नाही. वाचून झालं म्हणजे समजलं, असं मी म्हणत नाही. तुकोबांचा एक अभंग आयुष्यभर पुरतो. पण जो डोंगर लांबून चढवत नाही असं वाटतं, त्याचा पायथा आपल्या रोजच्या प्लॅटफॉर्मवरच आहे, एवढं तरी हिशेबाने कळतं.

आता जरा मोठा डोंगर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. देशभरातून हस्तलिखितं जमवली, शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम, तेलुगू, देवनागरी अशा कितीतरी लिप्यांतली. किती हस्तलिखितं? १,२५९! एकेका श्लोकाचे पाठ ताडून पाहायचे, कोणता पाठ जुना, कोणता मागाहून घुसला ते ठरवायचं, आणि जे गाळलं तेही तळटिपेत जपून ठेवायचं. काम संपलं १९६६ साली. एकोणीस खंड, पंधरा हजारांवर पानं, सुमारे एकोणनव्वद हजार श्लोक.

सत्तेचाळीस वर्षं. म्हणजे दिवस किती? सतरा हजारांहून थोडे जास्त. आता एकोणनव्वद हजाराला सतरा हजाराने भागा. उत्तर येतं पाच! सुट्टीचा दिवससुद्धा न वगळता रोज फक्त पाच श्लोक. एवढ्या संथ पावलांनी ही माणसं चालली. दर वर्षी आळंदी ते पंढरपूर पायी जाणारा वारकरी एका वाटेला साधारण अडीचशे किलोमीटर चालतो. सत्तेचाळीस वाऱ्या केल्या तर पावणेबारा हजार किलोमीटर होतात, पृथ्वीच्या प्रदक्षिणेच्या पाव वाटेहून जास्त. संपादकांची वारीही अशीच. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ मध्ये सूत्रं हातात घेतली आणि १९४३ मध्ये ते वारले. मागून बेलवलकर आले, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. पताका एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, दिंडी थांबली नाही.

आणि याच्या नेमकं उलटं टोक! १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले. दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवारांत अठरा अध्याय. समोर कैदी बसलेले, साने गुरुजी भराभर उतरवून घेत होते. भांडारकरांत सत्तेचाळीस वर्षं, इथे जेमतेम चार महिने. त्या अठरा रविवारांचं पुस्तक म्हणजे 'गीता प्रवचने'. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, साने गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. तिथे 'श्यामची आई'चा बहुतेक भाग त्यांनी पाच दिवसांत लिहून काढला. पाच दिवस! आपल्याकडे गणपतीही तेवढेच दिवस बसतो. ते पुस्तक मात्र घराघरात बसलं ते आज नव्वद वर्षांनंतरही उठलेलं नाही. माणूस घडवणारी पुस्तकं शोधायला मोठ्या शहरातल्या चकचकीत दुकानातच जावं लागतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन तुरुंग आठवावेत.

पुस्तकांनी घडलेला माणूस म्हटलं की पाय दादरच्या हिंदू कॉलनीकडे वळतात. तिथे राजगृह. बाबासाहेबांनी हे घर बांधलं तेच पुस्तकांच्या ओढीने. त्यांच्या संग्रहाचा आकडा पन्नास हजारांच्या घरात सांगितला जातो. एका पुस्तकाची जाडी एक इंच धरा. पन्नास हजार इंच म्हणजे पावणेतेराशे मीटर! चोवीस डब्यांची लांब पल्ल्याची एक अख्खी गाडी उभी करा, तिच्या मागे तसलीच दुसरी उभी करा, तरीही पुस्तकांची रांग पुढे उरते. रोज एक वाचायचं म्हटलं तर एकशेसदतीस वर्षं. आणि ही सगळी रांग पुन्हा जमवलेली होती बरं का. पहिल्या महायुद्धात परदेशातून घरी पाठवलेली त्यांची पुस्तकं जहाजासकट समुद्राच्या तळाशी गेली होती. वसतिगृह नाकारणाऱ्या, पाणी नाकारणाऱ्या समाजात एक माणूस दोन आगगाड्यांहून लांब रांग होईल एवढी पुस्तकं मिळवतो, हा आकडा वाचताना माझा आवाज अजूनही अडतो.

थांबा, अजून मोठा आकडा यायचाय. माझ्या मते मराठी मुलखातला सगळ्यात अचाट आकडा.

पुण्याचं पुरालेखागार, म्हणजे पेशवे दफ्तर. इथे कागद फायलींत नसतात, रुमालांत असतात. चौकोनी कापडात गठ्ठा बांधायचा, चार टोकांना गाठ मारायची, झाला रुमाल. असे हजारो रुमाल आणि आत मोडी लिपीतले कागद. गावाचा वसूल, वतनाचे तंटे, इनामांच्या सनदा, धान्याचे भाव, मजुराची मजुरी, कुणाची सासरी छळ झाल्याची तक्रार, कुणाचं जातीबाहेर पडणं. राजाराण्यांचा नव्हे, तुमच्या-आमच्या खापरपणज्यांचा इतिहास. या कागदांची संख्या अंदाजे सांगितली जाते चार कोटी!

चार कोटी म्हणजे नक्की किती? एक कागद वीस सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद धरा. जाडजूड हातकागद, पाच कागदांचा मिळून एक मिलिमीटर. आता एकाला एक लावून जमिनीवर अंथरत चला. मुंबईपासून पुण्यापर्यंत दीडशे किलोमीटर अंथरले, संपले नाहीत. परत मुंबईकडे वळा. पुन्हा पुणे. पुन्हा मुंबई. अशा त्रेपन्न खेपा! आठ हजार किलोमीटर! काश्मीर ते कन्याकुमारी अंतर अडीच वेळा मोजून झालं!

आता तेच कागद गोळा करा आणि एकावर एक रचा. कळसूबाई मागे पडली. दोन कळसूबाया, तीन, चार, पावणेपाच! आठ किलोमीटर उंच, एव्हरेस्टच्या माथ्याला जेमतेम आठ-नऊशे मीटर कमी!

आता तो मनोरा पाडा आणि गावातल्या विहिरीत भरा. सोळा फूट रुंद, चाळीस फूट खोल, मळ्यात असते तशी साधी गोल विहीर. एव्हरेस्टला भिडणारा तो सगळा ढीग एकाच विहिरीत मावतो, फक्त थोडा काठावर येतो. एक विहीरभर माणसं. एक विहीरभर भांडणं, लग्नं, दुष्काळ, देणी, अर्ज.

ती विहीर उपसायला किती दिवस लागतील? मिनिटाला एक कागद वाचा. मोडी येणाऱ्यालाही हे अशक्यच, पण धरू. दिवसाचे आठ तास, रविवार नाही, दिवाळी नाही. रोजचे चारशेऐंशी कागद. दुसरा बाजीराव १७९६ च्या डिसेंबरात पेशवा झाला. त्या दिवशी वाचायला बसा. पेशवाई बुडते, तुम्ही वाचताय. आगगाडी येते, सत्तावन्नचा उठाव होतो, तुम्ही वाचताय. टिळक-आगरकर येतात, गांधी येतात, स्वातंत्र्य येतं, संयुक्त महाराष्ट्र होतो, तुम्ही वाचताय. चंद्रावर माणूस उतरतो, घरोघरी मोबाइल येतो, तुम्ही वाचताय. शेवटचा कागद हातातून खाली ठेवाल तेव्हा २०२५ साल उजाडलेलं असेल!

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९३० पासून काही वर्षं या दफ्तराला भिडले आणि निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले. अगदी उदार होऊन एका खंडात हजार कागद धरले, तरी पंचेचाळीस हजारच होतात, साधारण नऊशेंत एकच! त्यांच्याआधी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून कागद उतरवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत देऊन गेले. त्यातला पहिला खंड १८९८ चा. सामाजिक इतिहासाचं जे पुस्तक आज आपण आरामात हातात घेतो, ते या विहिरीतून पोहऱ्याने काढलेलं पाणी आहे.

आणि एवढा ढीग पाहिल्यावर आता मला तुम्हाला एक अगदी लहान आकडा दाखवायचाय. पाचशे.

१८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' छापलं. प्रती निघाल्या पाचशे. पुस्तक पातळ. सगळ्या प्रती एकावर एक ठेवल्या तर दाराच्या चौकटीएवढा ढीग. मुंबईच्या लोकलचा गर्दीच्या वेळचा एक डबा घ्या, लेडीजचाच घ्या, चढलेल्या प्रत्येकीला एक-एक प्रत द्या. डबा भरता भरता पुस्तक संपलं! त्या पातळ पुस्तकात एका बाईने विचारलं होतं की सगळे दोष बायकांच्याच माथी का. पुढे ते दिसेनासं झालं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून लोकांसमोर आणलं. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. एव्हरेस्टएवढा ढीग टिकला, आणि दाराएवढा हरवता हरवता वाचला. पुस्तक शोधणं म्हणजे काय, हे मला चार कोटींपेक्षा या पाचशेंनी जास्त शिकवलं.

मग आपण शोधायचं कुठे? शेवटचा हिशेब करू. महाराष्ट्रात सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं अकरा हजारांच्या आसपास आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, आणि खेड्यातल्या एका खोलीचं, ट्यूबलाइटखाली दोन बाकं मांडलेलं वाचनालयही यातच. ही सगळी उचलून मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला ओळीने मांडली, तर दर चौदा मीटरवर एक वाचनालय लागेल! एसटीची लाल बस उभी करा. तिचं मागचं टोक एका वाचनालयाशी असेल, तर पुढच्या टोकापासून चार पावलांवर दुसरं. पनवेल, खोपोली, लोणावळा, तळेगाव, दीडशे किलोमीटर, खंड न पडता!

त्यातलं एक तुमच्या घराजवळ आहे. संध्याकाळी जा. वर्गणी भरा, कार्ड करून घ्या, आणि ग्रंथपालांना विचारा की बऱ्याच वर्षांत कुणीच घरी न नेलेलं पुस्तक कोणतं. ते घेऊन या.