हरण्याची किंमत : एका व्हिडिओ गेमचें परीक्षण

घरांतील मुलें ज्या व्हिडिओ गेममध्यें तासन् तास गुंगून जातात, त्यांच्याविषयीं वडील मंडळींचें मत बहुधा ते खेळ न पाहतांच ठरलेलें असतें. ग्रंथ वाचल्यावांचून त्यावर अभिप्राय देऊं नये, हा नियम आपणां सर्वांस मान्य आहे. खेळांच्या बाबतींत मात्र आपण तो पाळीत नाहीं. म्हणून आज असा एकच खेळ घेऊन त्याची रचना कशी आहे, त्यांत गुण कोणते व दोष कोणते, हें क्रमानें सांगण्याचें मीं योजिलें आहे. खेळाचें नांव 'मेट्रॉइड ड्रेड'. 'ड्रेड' म्हणजे धास्ती. नांवाप्रमाणेंच हा खेळ भयाचा आहे, आणि त्या भयाचें माप किती काळजीनें ठरविलें आहे, हीच त्यांतील पाहण्यासारखी गोष्ट आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. निंटेंडो ही जपानांतील क्योतो शहरची कंपनी. १८८९ सालीं ती खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठीं निघाली आणि पुढें विजेवर चालणाऱ्या खेळांकडे वळली. १९८६ सालच्या ऑगस्ट महिन्यांत तिनें 'मेट्रॉइड' हा पहिला खेळ जपानांत प्रसिद्ध केला. चिलखत घातलेला एक योद्धा परक्या ग्रहाच्या पोटांत शिरतो आणि अंधाऱ्या भुयारांतून वाट काढतो, असा त्याचा विषय. ठराविक वेळेच्या आंत खेळ संपविणारास शेवटीं एक नवल दिसे : चिलखत उतरे आणि आंत स्त्री असल्याचें कळे. हीच कथेची नायिका सॅमस अरान. कथेचा दुसरा भाग १९९१ सालीं, तिसरा १९९४ सालीं आणि चौथा २००२ सालीं निघाला. पांचवा भाग, म्हणजे आपला आजचा खेळ, ८ ऑक्टोबर २०२१ रोजीं स्विच या यंत्रासाठीं बाहेर पडला. मध्यें याच नायिकेचे वेगळ्या पद्धतीचे खेळ निघाले. परंतु मूळ कथा पुढें नेणारा भाग येण्यास एकोणीस वर्षें लागलीं. योशिओ साकामोतो यांच्या मनांत ही कल्पना फार पूर्वींच आली होती, पण त्या काळचें यंत्र तिला अपुरें पडल्यामुळें ती बाजूस ठेवावी लागली. पुढें स्पेनमधील माद्रिद येथील मर्क्युरीस्टीम या मंडळीनें दुसऱ्या भागाची नवी आवृत्ति २०१७ सालीं तयार केली, आणि पांचवा भागहि निंटेंडोनें त्याच मंडळीच्या साहाय्यानें सिद्ध केला.

आतां कथा. 'एक्स' नांवाचा एक परजीवी आहे. तो ज्या प्राण्यास ग्रासतो त्याचेंच रूप घेतो. झेड-डी-आर या दूरच्या ग्रहावर तो जिवंत असल्याची बातमी येते. तपासासाठीं सात यंत्रमानव पाठविले जातात आणि त्यांचा पत्ता लागेनासा होतो. या परजीवीची बाधा केवळ सॅमसला होत नाहीं, म्हणून शोधाचें काम तिच्याकडे येतें. ग्रहावर उतरतांच एक बलाढ्य योद्धा तिला पराभूत करतो. ती शुद्धीवर येते ती जमिनीच्या खोल पोटांत. अंगच्या बहुतेक शक्ति नाहींशा झालेल्या, आणि परत नेणारें यान पार वर, भूपृष्ठावर. तेथपर्यंत चढून जाणें एवढेंच काम. पुढील कथा मी सांगत नाहीं. ती खेळणाराचा हक्क आहे.

पडद्यावर सर्व दृश्य बाजूनें दिसतें. वारूळ मधोमध उभें चिरावें आणि आंतल्या वाटा उघड्या पडाव्या, तशी ही भुयारें आपल्यापुढें येतात. सॅमस धांवते, उडी मारते, जमिनीलगत घसरत जाते, हव्या त्या दिशेस नेम धरते, आणि अंगावर झेप घेणाऱ्या प्राण्यास नेमक्या क्षणीं हाताच्या फटक्यानें परतवून लावते. सेकंदास साठ चित्रें या वेगानें हें सारें चालतें. त्यामुळें बोटाची आज्ञा आणि पडद्यावरील कृति यांत अंतर जाणवत नाहीं. आरंभीं तिच्या जीवशक्तीचे नव्व्याण्णव अंक असतात. ठिकठिकाणीं दडविलेलीं टांक्या सांपडल्या कीं प्रत्येकीनें शंभर अंकांची भर पडते. कांहीं ठिकाणीं टांकीचा चौथा हिस्साच मिळतो, आणि असे चार मिळाले म्हणजे एक पुरी होते.

या जातीच्या खेळांचें मर्म पुढेंच आहे. वाटेंत एक बुटकें भुयार दिसतें. आंत शिरण्याइतकी सॅमस लहान होऊं शकत नाहीं. एक दार दिसतें. तें तिच्या शस्त्रानें उघडत नाहीं. एक भिंत दिसते. तिच्यावर हात ठरत नाहीं. पुढें केव्हां तरी चेंडूसारखें गोल होण्याची शक्ति मिळते, आणि मागें सोडलेलें तें बुटकें भुयार एकदम आठवतें. स्थळ तेंच, परंतु पाहणाराची योग्यता वाढल्यामुळें त्याचा अर्थ बदललेला असतो. नकाशा बारकाईनें भरलेला असतो, तरी कोणत्या अडथळ्यास कोणती शक्ति लागू पडेल हें खेळणारासच ताडावें लागतें. स्मरण आणि अनुमान यांचा हा व्यायाम वेगाच्या आड लपलेला आहे. शेजारून पाहणारास नुसती धांवपळ आणि गोळीबार दिसतो.

आतां त्या सात यंत्रमानवांकडे वळूं. त्यांस 'एमी' म्हणतात. ते चार पायांवर कोळ्याच्या चपळाईनें चालतात, भिंतीवर व छतावरहि चढतात. त्यांचें कवच इतकें कठीण कीं सॅमसच्या नेहमींच्या शस्त्रांचा त्यावर कांहींहि परिणाम होत नाहीं. एमीनें पकडलें तर सुटण्यास क्षणाचा एक अंश मिळतो. तो साधणें फार कठीण, आणि चुकला तर जीवशक्तीचे कितीहि अंक शिल्लक असोत, मरण ठरलेलें. मात्र प्रत्येक एमीचा पहाऱ्याचा प्रदेश आंखलेला आहे. त्या प्रदेशाचीं दारें दुरूनच ओळखूं येतात, आणि एमी त्यांबाहेर पाऊल टाकीत नाहीं. आपल्याकडील आट्यापाट्यांत पाटी धरणारा गडी आपली रेघ सोडूं शकत नाहीं, म्हणूनच त्याला हुलकावणी देऊन पलीकडे जातां येतें. तसाच हा प्रकार. पहारेकऱ्याचें बळ अमर्याद असलें तरी त्याची हद्द मर्यादित आहे, आणि त्यामुळेंच खेळ संभवतो.

एमीला पावलांचा आवाज ऐकूं येतो, आणि समोरील टापूंत कोणी आलें तर तें दिसतेंहि. सॅमसला पुढें अदृश्य होण्याची एक युक्ति मिळते. परंतु तिला वेगळी शक्ति खर्चावी लागते आणि ती संपली कीं स्वतःची जीवशक्ति जळूं लागते. लपावें तरी किती वेळ, हा हिशेब डोक्यांत चालू ठेवावा लागतो. एमीला मारण्याचा उपाय एकच. त्या प्रदेशाचें नियंत्रण करणारें मध्यवर्ती यंत्र आधीं नष्ट करावयाचें. त्यांतून कांहीं काळापुरतें एक प्रखर शस्त्र मिळतें. तेंहि एका बारानें काम करीत नाहीं. प्रथम एमीच्या मुखावरील कवच सतत माऱ्यानें फोडावें लागतें, मग एकच मोठा बार सोडण्यासाठीं शक्ति सांठवीत उभें राहावें लागतें, आणि त्या वेळीं एमी समोरून चालून येत असते. म्हणून शहाणा खेळाडू आधींच लांब सरळ वाट शोधून ठेवतो. इतका वेळ जिच्यापासून पळालों, तिच्याकडे तोंड करून उभें राहण्याची ही जागा कोणती, याचा विचार त्यानें पळतांनाच केलेला असतो.

श्रोतेहो, अशा खेळांत खेळणारा वारंवार मरतो. दहा वेळां, वीस वेळां मरतो. मग तो खेळ फेंकून कां देत नाहीं ? माझ्या मतें या खेळाच्या परीक्षणांतील मुख्य प्रश्न हाच आहे, आणि त्याचें उत्तर हरण्याच्या किंमतींत आहे. १९८६ सालच्या मूळ खेळांत मेल्यावर पुन्हां आरंभ करतांना फक्त तीस अंक हातीं येत. टांक्या भरण्यासाठीं बराच वेळ क्षुद्र प्राणी मारीत बसावें लागे. परदेशांत विकलेल्या आवृत्तींत तर पुन्हां त्याच जागीं येण्यासाठीं चोवीस अक्षरांचा परवलीचा शब्द टिपून ठेवावा लागे. नव्या खेळांत एमीच्या हातून मरण आलें तर खेळणारा त्याच प्रदेशाच्या दारापाशीं पुन्हां उभा राहतो. गमावला तो अर्धा मिनिट. मोठ्या शत्रूशीं झुंजतांना मेला तर त्या झुंजीच्या दारापाशीं. साखळदंडांनीं जखडलेला क्रेड नांवाचा अजस्र प्राणी प्रथम भेटतो तेव्हां त्याचे आघात कोठून येतात हेंच कळत नाहीं. पांचव्या खेपेस त्यांचा क्रम ध्यानांत येतो. पुढें कधीं तरी एकहि जखम न होतां तो पडतो. मधल्या काळांत सॅमसचें बळ तिळभरहि वाढलेलें नसतें. वाढलेली असते ती खेळणाराची समज.

म्हणजे भय पुरेपूर ठेवलें आहे आणि दंड अगदीं थोडा ठेवला आहे. भय नसतें तर लक्ष लागलें नसतें. दंड मोठा असता तर कोणी धाडस केलें नसतें. हें प्रमाण साधणें सोपें नाहीं, आणि तें येथें साधलें आहे, म्हणून मी या खेळास उत्तम म्हणतों.

माझें आयुष्य शिक्षकाच्या पेशांत गेलें, म्हणून एक अनुभव येथें सांगावासा वाटतो. गणिताच्या परीक्षेंत कोरे कागद देऊन उठणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले. त्यांतील कित्येकांना रीत अर्धी तरी येत असे. परंतु चुकलेल्या उत्तरावर लाल रेघ पडते, वर्गांत हंसें होतें, घरीं बोलणीं बसतात. कोऱ्या कागदावर रेघ कोठें मारणार? चुकण्याची किंमत इतकी वाढवून ठेवली म्हणजे मूल प्रयत्नच टाळतें, आणि आपण त्यास मंदबुद्धि ठरवून मोकळे होतों. तेंच मूल संध्याकाळीं एमीच्या दारापाशीं तेरावा प्रयत्न करीत असतें. त्याच्या अंगांत चिकाटी नाहीं, असें तें दृश्य पाहिल्यावर कोण म्हणेल ?

याचा अर्थ खेळ म्हणजे शाळा, असा मात्र करूं नये. पडद्यावरील मरण खोटें असतें. पुराच्या पाण्यांत उडी घेणारास किंवा विजेच्या तारेस हात लावणारास दारापाशीं पुन्हां उभें करणारा कोणी नाहीं. हा भेद मुलांस स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे. खेळांतील चिकाटी आपोआप अभ्यासांत उतरते, अशीहि माझी समजूत नाहीं. परंतु चिकाटी कोणत्या परिस्थितींत उगवते, हें तेथें स्वच्छ दिसतें.

आतां दोष. पहिला दोष असा कीं सात एमींपैकीं प्रत्येकीच्या अंगीं वेगळें सामर्थ्य असलें तरी लपणें, पळणें आणि लांब वाट गांठून मारणें हा क्रम तोच राहतो. शेवटीं शेवटीं धास्तीची जागा संवय घेते. दुसरा दोष, शोधाचें स्वातंत्र्य दिसतें तितकें नाहीं. खेळणारा पुढें गेला कीं पुष्कळदां मागची वाट बंद होते आणि न कळत त्यास योग्य दिशेस लोटलें जातें. वाट चुकण्यांतच ज्यांस गोडी वाटते त्यांस हें खटकेल. तथापि जाणत्या खेळाडूंसाठीं आडवाटा ठेवल्या आहेत. बाँबची शक्ति नेमल्या क्रमाआधीं मिळविणारास त्याच क्रेडचा निकाल फार लवकर लावण्याची एक गुप्त युक्ति साधते. तिसरा दोष संगीताचा; तें वातावरण राखतें, पण खेळ बंद केल्यावर ओठांवर राहील असें त्यांत फार थोडें आहे. चौथी अडचण माझ्यासारख्या मंद बोटांच्या माणसांची. एकाच वेळीं तीन तीन कळा दाबून नेम धरावा लागतो, आणि प्रथम खेळ निघाला तेव्हां त्यांत सोपी पायरी नव्हती. फेब्रुवारी २०२२ मध्यें ती विनामूल्य जोडण्यांत आली. तिच्यासोबत एक अघोरी पायरीहि आली. तींत एक आघात झाला कीं मरण.

गृहस्थांसाठीं दोन व्यावहारिक गोष्टी. अमेरिकेंतील वर्गवारीनें हा खेळ तेरा वर्षें व त्यापुढील मुलांस योग्य ठरविला आहे. त्याहून लहान मुलांस तो देऊं नये, कारण त्यांतील पाठलाग खरोखर भेसूर आहे. दुसरी गोष्ट, या खेळास शेवट आहे. पहिल्या खेपेस तो साधारण आठ ते दहा तासांच्या खेळांत पुरा होतो. रोज तासभर अशी मर्यादा घातली तरी पंधरवड्यांत कथा संपते. संपणारा खेळ आणि कधींच न संपणारा खेळ यांतील फरक आईबापांनीं विकत घेण्यापूर्वीं अवश्य विचारावा.

आणि एखाद्या संध्याकाळीं मुलाच्या शेजारीं बसून तो कोठें मेला आणि पुढच्या खेपेस त्यानें काय बदललें, एवढें विचारून पाहावें. उत्तर नीट ऐकलें तर तें मूल विचार कसा करतें हें आपणांस कळेल. गुणपत्रिकेवरून तें कळत नाहीं.