आधी रुग्ण बघ, मग शाखा ठरव

निकाल लागला की मूल, सिंदेवाही, चामोर्शी, आरमोरीकडच्या मुलींचे फोन सुरू होतात. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेलं असतं आणि प्रश्न ठरलेला असतो: ताई, कोणती स्पेशालिटी घेऊ? बहुतेकींच्या मनात आयसीयू असतं, कारण नागपूर-हैदराबादच्या खासगी रुग्णालयांत आणि आखातात त्या अनुभवाला मागणी आहे. त्यात गैर काही नाही. घरचं कर्ज असतं, धाकट्या भावाचं शिक्षण असतं. पण जिला चंद्रपूर-गडचिरोलीतच राहून काम करायचं आहे, तिला मी सांगते, आधी इथे रुग्ण कोण येतो ते बघ. मी स्वतः नवजात बाळांच्या कक्षात काम करते, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे तेही सांगून टाकते.

नर्स म्हणजे इंजेक्शन देणारी बाई, असं अजून पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यापुढे वर्षभराची पोस्ट बेसिक पदविका करता येते. त्यात अतिदक्षता, नवजात शुश्रूषा, शस्त्रक्रियागृह, कर्करोग, आपत्कालीन सेवा असे बरेच पर्याय आहेत. एमएस्सी दोन वर्षांची, तिच्या मुख्य शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य आणि सामुदायिक आरोग्य. सामुदायिक आरोग्य ही मार्क कमी पडले म्हणून घ्यायची शाखा, असं मुली आपापसात बोलतात. गडचिरोलीत तरी असं कुणी बोलू नये.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1995 पासून याच जिल्ह्यातल्या 39 गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचे श्वास मोजायचे, त्याला ऊब द्यायची, जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्क लावून श्वास द्यायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं, हे सगळं त्या शिकल्या. तीन वर्षांत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. 2011 पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्या याच धर्तीवर.

आमच्या कक्षात येणारं बाळ बरेचदा 1800 ग्रॅमच्याही आतलं असतं. ड्युटीवर आले की मॉनिटरकडे बघण्याआधी मी हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावते, मग पायाच्या तळव्यांना. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट आणि तळवे गार असतील तर बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार लागले तर त्याच क्षणी धावपळ. बाळ थोडं स्थिरावलं की आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायचं. ही कांगारू पद्धत 1978 च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, इन्क्युबेटर पुरत नव्हते म्हणून. सासू विचारते, "पेटीत का नाही ठेवत, सिस्टर?" तिला समजावणं हाही शुश्रूषेचाच भाग. दर दोन तासांनी वाटी-चमच्याने थोडंथोडं दूध पाजणं, रोज वजन करणं, पाच-दहा ग्रॅम वाढले तरी आईला सांगणं, यातच पाळी संपते. बाळ दगावलं तर आईजवळ बसावंही लागतं. ते सोसणार नसेल तर हा कक्ष घेऊ नये. त्यात कमीपणा नाही.

जिला झटपट निर्णय घेता येतो, तिने आपत्कालीन सेवा घ्यावी. धानाच्या पट्ट्यात पावसाळा लागला की सर्पदंशाचे रुग्ण येतात. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूणही धड दिसत नाही. सकाळी माणूस पोट दुखतंय म्हणून येतो. अशा वेळी त्याच्या पापण्या जड झाल्यात का हे आधी नर्सने बघायचं असतं, कारण थोड्या वेळात त्याचा श्वास थांबू शकतो. प्रतिविषाचा डोस लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच लागतो. घाबरलेल्या बापाला हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

सिकलसेलसाठी स्वतंत्र पदविका माझ्या पाहण्यात नाही, पण इथे कुठल्याही वॉर्डात गेलात तरी तो आजार भेटतोच. हाडं फोडून काढणाऱ्या वेदना होतात आणि अंगावर जखम एकही नसते. रुग्ण नाटक करतोय असं ज्या नर्सला वाटतं, तिच्या हातून वेदनाशामक उशिरा दिलं जातं. पाणी, ऊब, वेळेवर औषध आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास, एवढं तरी प्रत्येकीला जमायलाच हवं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंड न उघडणारे तरुण बघितले की कर्करोग शुश्रूषेला इथे किती काम आहे ते कळतं. वाघ-अस्वलाच्या हल्ल्यातले जखमी, खाणी-कारखान्यांतले अपघात यांच्यासाठी शस्त्रक्रियागृहात तयार हात लागतात.

आणि उपकेंद्र. बीएस्सी झालेल्या कितीतरी मुली आता समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिथे आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा कोणती गरोदर बाई आधीच आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात आणून ठेवायची, हे तिलाच ओळखावं लागतं. तिला माडिया किंवा गोंडी यायला हवी, सिरोंच्याकडे तेलुगू. कुठल्याही पदवीत हे शिकवत नाहीत, म्हणून इथली मुलगी या कामात बाहेरून आलेल्या नर्सपेक्षा सरस ठरते.

म्हणून शाखेचा अर्ज भरण्याआधी वर्षभर तरी जनरल वॉर्डात काम करा, रात्रपाळ्याही करा. कुठला रुग्ण घरी गेल्यावरही डोक्यात राहतो ते बघा. जोखीम, पगार, लग्नानंतरचं गाव, सगळ्याचा हिशेब मांडा आणि मगच ठरवा.

बदल्यांच्या याद्या करणाऱ्यांनाही एक विनंती आहे. वर्षभर नवजात शुश्रूषा शिकून आलेल्या सिस्टरला सहा महिन्यांत हाडांच्या वॉर्डात पाठवू नका. तिचं शिक्षण ज्या बाळांसाठी झालंय, त्यांच्याजवळच तिला राहू द्या.